हलकी जमीन

भोगीच्या दिवशीं तीळ लावून बाजरीची भाकरी थापणाऱ्या महाराष्ट्रांतल्या गृहिणीला कोणीं सांगितलें कीं, या धान्याचें माहेर दूर आफ्रिकेंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला आहे, तर ती तें थट्टेवारी नेईल. बाजरी इतकी घरची होऊन गेली आहे. परंतु संशोधकांचा निर्णय तसाच आहे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं त्या पट्ट्यांतल्या माणसांनीं रानटी गवतांतून हें धान्य निवडून शेतांत आणिलें, आणि पुढें कांहीं शतकांतच तें हिंदुस्थानापर्यंत येऊन पोंचलें. चवळीचें मूळही आफ्रिकेंतच. त्या पट्ट्यांत आज जे देश आहेत त्यांपैकीं नायजर हा एक होय. बाजरी पिकविण्यांत भारताच्या खालोखाल बहुधा त्याचेंच नांव घेतलें जातें. आणि ज्या देशाच्या शेतांत बाजरी डुलते, त्याच देशांतलीं मुलें गेल्या शंभर वर्षांत वारंवार अन्नावांचून मेलीं आहेत. हें असें कां व्हावें? पाऊस कमी पडतो, एवढें उत्तर देऊन मोकळें होतां येतें. पण नायजरचा इतिहास पाहिला कीं तें उत्तर अपुरें ठरतें.

नायजर म्हटलें कीं पुष्कळांना नायजेरियाची आठवण होते. हे दोन देश निराळे. नायजेरिया दक्षिणेस समुद्रकांठीं पसरलेला. नायजर त्याच्या उत्तरेस, खंडाच्या पोटांत. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १२ लक्ष ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून किंचित् अधिक. वस्ती मात्र १९६० सालीं ३५ लक्षांच्या आसपास होती. ती आज अडीच कोटींच्या वर गेली आहे. अल्जीरिया, लिबिया, चाड, नायजेरिया, बेनिन, बुर्किना फासो व माली अशा सात देशांनीं त्याला वेढलें आहे. समुद्र कोणत्याच दिशेस नाहीं. राजधानी नियामे; तेथून बेनिनमधील कोतोनू बंदर गांठावयाचें तर सुमारें १००० किलोमीटर प्रवास करावा लागतो. ज्या नदीवरून देशाला नांव मिळालें, ती नैर्ऋत्येच्या कोंपऱ्यांतून तेवढी वाहते. उत्तरेचा बहुतेक भाग वाळूचा व खडकाचा. दक्षिणेस एक अरुंद पट्टा असा आहे कीं, तेथें जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाऊस पडतो, बाजरी, ज्वारी व चवळी पिकते, आणि बहुतेक सारी प्रजा तेथेंच दाटीनें राहते. या पट्ट्याला साहेल म्हणतात. साहेल हा अरबी शब्द. त्याचा अर्थ किनारा. समुद्र नसलेल्या या देशाला किनारा मात्र आहे, आणि तो वाळूच्या समुद्राचा.

हा अर्थ नुसता कवीचा नव्हे. एके काळीं सहारा ओलांडून येणारा व्यापारी साहेलांत उतरे तो खरोखरच बंदरांत उतरल्यासारखा. अगादेस हें असेंच एक बंदर. तेथील मशिदीचा मातीचा उंच मनोरा प्रथम १५१५ सालीं उभारला गेला, आणि सुमारें २७ मीटर उंचीचा तो मनोरा वाळवंटांतून येणाऱ्या तांड्यांना दुरून दीपगृहासारखा दिसे. मोरोक्कोचा जगप्रवासी इब्न बतूता यानें आधीं दिल्लीच्या दरबारांत काजीचें काम केलें होतें व दौलताबादेचा किल्लाही पाहिला होता. तोच पुढें १३५३ सालीं अगादेसच्या पश्चिमेकडील तकेद्दा या गांवीं जाऊन राहिला. तेथें तांब्याच्या खाणी होत्या, आणि तेथील लोक दरसाल मिसर देशापर्यंत व्यापाराला जात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. तुआरेग जमातीचे लोक दक्षिणेची बाजरी उंटांवर लादून तेनेरेचें भयंकर वाळवंट पार करीत आणि पूर्वेकडील बिल्मा या हिरवळीच्या ठिकाणीं पोंचत. तेथील मिठागरांतलें मीठ व खजूर घेऊन ते परत येत, आणि हौसा लोकांच्या बाजारांत मीठ विकून पुन्हां बाजरी भरीत. ज्याच्याकडे जें अधिक तें ज्याच्याकडे कमी त्याला पोंचविण्याची ही व्यवस्था शतकानुशतकें चालली. दुष्काळ तेव्हांही पडत. पण माणूस गुरें हांकून दक्षिणेस जाई, आप्तांकडे राही, आणि पाऊस पडला कीं परत येई. वाटेंत कोणाची सरहद्द आडवी येत नसे.

सरहद्द आली ती कागदावरून. १८९० च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंड व फ्रान्स यांनीं एक करार केला. नायजर नदीवरील साय या गांवापासून चाड सरोवराच्या कांठच्या बारुवापर्यंत नकाशावर एक रेघ ओढली गेली. रेघेच्या उत्तरेस फ्रान्सचें वर्चस्व राहावें, दक्षिणेस इंग्लंडचें. ज्या हौसा लोकांची वस्ती या रेघेच्या दोन्ही अंगांना होती, त्यांना कोणीं विचारलें नाहीं. इंग्लंडच्या लोकसभेंत व सरदारसभेंत ओरड झाली कीं, फ्रान्सला फारच मोठा मुलूख दिला गेला. तेव्हां पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनीं सभेची समजूत घातली कीं, फ्रान्सच्या वांट्याला आलेली ती जमीन शेतकऱ्यांच्या भाषेंत 'अगदीं हलकी' आहे. सभेंत हंशा पिकला असेल. ज्यांची ती जमीन होती त्यांच्या कानांवर हा विनोद गेलाच नाहीं. पण पुढच्या सव्वाशें वर्षांत त्याची किंमत त्यांनींच भरली.

फ्रेंच सत्तेचें पहिलें पाऊल रक्ताचें होतें. १८९९ सालीं व्हूले व शानोआन या दोन कप्तानांच्या हाताखालीं एक फौज चाड सरोवराकडे निघाली. वाटेंतल्या गांवांतून धान्य, गुरें व हमाल बळजबरीनें घेत, नकार देणारीं गांवें जाळीत ती पुढें सरकली. लुगू येथें सारौनिया या पदवीनें ओळखल्या जाणाऱ्या राणीनें तिला प्रतिकार केला. तिची कीर्ति नायजरमध्यें आजही गाइली जाते. पुढें बिरनी न्कोनी या गांवीं मोठी कत्तल झाली. ही वार्ता पॅरिसला पोंचतांच या कप्तानांना आवरण्यासाठीं कर्नल क्लोब याला पाठविण्यांत आलें. व्हूलेनें त्यालाच गोळी घालून ठार करविलें, आणि दोन-तीन दिवसांतच दोघे कप्तान स्वतःच्या शिपायांच्या हातून मेले. फौज मात्र पुढें गेली व झिंदेरचें राज्य तिनें घेतलें. १९१६ च्या डिसेंबरांत तुआरेग पुढारी काओसेन यानें अगादेसला वेढा घातला. तो जवळजवळ तीन महिने टिकला व अखेर मोडला. १९२२ सालीं नायजर ही रीतसर वसाहत झाली आणि १९२६ सालीं राजधानी झिंदेरहून नियामेला आली.

राजधानी हलली हें वरवर क्षुल्लक वाटतें. पण त्यांत त्या काळाचा सगळा ओघ दिसतो. झिंदेर हें सहाराच्या वाटेवरचें शहर. त्याचें तोंड वाळवंटाकडे. नियामे नदीकांठचें, त्याचें तोंड अटलांटिकाकडे. व्यापार वाळवंटाकडे पाठ करून समुद्राकडे वळला, तांड्यांच्या वाटा ओस पडत चालल्या, आणि जी गांवें बंदरें होतीं तीं आडगांवें झालीं. नायजरपासून समुद्र दूर होता हें खरें; पण तो दूर असणें ही अडचण झाली ती या वेळेपासून.

नव्या राज्याला पैसा हवा होता. माणशीं कर बसला, आणि तो नाण्यांत भरावयाचा होता. नाणें मिळविण्याचा मार्ग म्हणजे सुगी होतांच बाजरी विकणें, मजुरीला जाणें, किंवा भुईमूग पेरणें. फ्रान्समधील तेलाच्या गिरण्यांना शेंगा हव्या होत्या. म्हणून मारादी व झिंदेरच्या चांगल्या शेतांत भुईमूग आला आणि बाजरी व गुरें उत्तरेकडे, जेथें पावसाचा भरंवसा नाहीं तेथें, ढकललीं गेलीं. पूर्वीं घराघरांतल्या मातीच्या कणग्यांत दोन-तीन वर्षांचें धान्य राखून ठेवण्याची चाल होती. ती कराच्या तगाद्यापुढें टिकली नाहीं. १९३१ सालीं पश्चिम नायजरमध्यें टोळधाड व अवर्षण एकदम आलीं, त्याच वेळीं जगांतली मंदीही आली, आणि तरी कराची वसुली व वेठबिगार चालूच राहिली. गांवेंच्या गांवें ओसाड पडलीं. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो असा. पाऊस निसर्गानें तोडला होता. पण कणगी माणसानें रिकामी केली होती.

त्या काळांतली आणखी एक गोष्ट वरवर पाहतां उपकाराची वाटते. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेंतलीं जंगलें राखावीं म्हणून १९३५ सालीं एक हुकूम निघाला. त्याचा व्यवहारांतला अर्थ असा झाला कीं, शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांतल्या झाडावरही सत्ता सरकारची. फांदी तोडावयाची तर परवाना हवा. विनापरवाना तोडली तर वनरक्षक दंड करणार. उंटावरून शेळ्या हांकणें यापेक्षां निराळें काय असतें? झाड आपलें नाहीं, त्याची सांवली आपल्या पिकावर, आणि त्याच्यापायीं दंडाची भीति आपल्या डोक्यावर, अशी स्थिति झाल्यावर शेतकऱ्यानें जें करावयाचें तेंच केलें. कोंब जमिनींतून वर येतांच तो उपटून टाकूं लागला. झाडें वाचविण्याच्या कायद्यानें झाडांची पैदासच थांबविली, आणि स्वातंत्र्य आल्यावरही हा कायदा तसाच चालू राहिला.

३ ऑगस्ट १९६० रोजीं नायजर स्वतंत्र झाला. हमानी दिओरी हे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आठ वर्षें बरीं गेलीं. १९६८ पासून पावसानें पाठ फिरविली, आणि १९७३ पर्यंत साहेलचा सारा पट्टा होरपळून निघाला. गुरांचे कळप चाऱ्यावांचून मेले. ज्यांच्या दारांत शंभर जनावरें होतीं असे फुलानी व तुआरेग लोक शहरांच्या कडेला झोंपड्या टाकून शिध्याची वाट पाहत बसले. त्याच १९७३ सालीं एक लहानशी घटना घडली. तेनेरेच्या वाळवंटांत बाभळीच्या जातीचें एक एकटें झाड होतें. कित्येक कोसांत दुसरें झाड नाहीं. पूर्वीं १९३८-३९ च्या हिंवाळ्यांत त्याच्या शेजारीं विहीर खणली, तेव्हां त्याचीं मुळें तीस मीटरांहूनही खोल, पाण्यापर्यंत गेलेलीं दिसलीं. तांडेवाले त्याला पवित्र मानीत; थंडीनें काकडत असतांही त्याची काडी कोणी मोडीत नसे. तें झाड एका मालमोटारीच्या धक्क्यानें आडवें झालें. त्याचा वाळलेला सांगाडा आज नियामेच्या संग्रहालयांत आहे, आणि त्याच्या जागीं लोखंडी नळ्यांचें झाड उभें आहे.

परदेशांतून धान्य आलें. पण तें कोतोनूच्या बंदरांतून हजार किलोमीटरांची वाट चालून यावयाचें, आणि आलेलें सारेंच भुकेल्यांपर्यंत पोंचेना. १५ एप्रिल १९७४ रोजीं लष्करानें दिओरींचें सरकार उलथून पाडलें. मदतीच्या धान्याची अफरातफर झाली व मंत्र्यांच्या घरीं साठे सांपडले, असें तेव्हां सांगण्यांत आलें. सेनापति सेनी कुंचे सत्तेवर आले. दुष्काळानें राज्य घालविल्याचें हें उदाहरण त्या देशांत कोणीही विसरलेलें नाहीं. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबरोबरच साहेलच्या या दुष्काळाचाही अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत केला. धान्य आहे कीं नाहीं याहून तें मिळविण्याची ऐपत कोणाजवळ आहे हें पाहावें, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

मग दैवानें दुसरें दार उघडलें असें वाटलें. अगादेसच्या उत्तरेस आर्लीतच्या वाळूखालीं युरेनियम सांपडलें होतें. १९७१ पासून तें खणून फ्रान्सला जाऊं लागलें. १९७४ नंतर त्याचे भाव चढले, आणि निर्यातीच्या उत्पन्नाचा मोठा वांटा या एका धातूचा झाला. ज्या जमिनीला हलकी म्हटलें तिच्या पोटांत जगांतला एक सर्वांत जड पदार्थ निघावा, हा नियतीचा विनोद सॉल्सबरींच्या विनोदाहून मोठा. पण १९८० नंतर भाव कोसळले. चांगल्या दिवसांत काढलेलें कर्ज तेवढें उरलें. फ्रान्समधील घरांत नायजरच्या युरेनियमवर दिवे लागत. खुद्द नायजरमध्यें २०२० च्या सुमारासही पांच माणसांपैकीं सुमारें एकाच्याच घरीं वीज होती, आणि तीही बहुतेक नायजेरियाकडून विकत घेतलेली.

१९८४ सालीं पाऊस पुन्हां बुडाला. पुढच्या उन्हाळ्यांत नियामेपाशीं नायजर नदीचा ओघ जवळजवळ थांबला. म्हाताऱ्या माणसांनींही तसें पूर्वीं पाहिलें नव्हतें. याच कठीण वर्षांत मारादीच्या शेतांतून एका निराळ्या गोष्टीला आरंभ झाला. ऑस्ट्रेलियाचे टोनी रिनॉडो हे तेथें झाडें लावण्याचें काम करीत होते. रोपें लावावीं आणि तीं वाळून जावीं, असें वर्षामागून वर्ष चाललें होतें. वाळूंत जागोजाग दिसणारीं खुजीं झुडपें हीं झुडपें नसून तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत, हें १९८३ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें. जंगल नाहींसें झालेलें नव्हतें. तें जमिनीखालीं जिवंत होतें. खुंटावरचे दोन-चार जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटावे, एवढेंच करावयाचें. पाणी नको, रोपवाटिका नको, पैसा नको. शेतकऱ्यांच्या जुन्या माहितींतली ही गोष्ट होती. ती विस्मृतींत गेली होती इतकेंच.

प्रारंभीं लोक हंसले. दुष्काळांत शिध्याच्या मोबदल्यांत पुष्कळांनीं झाडें राखलीं. शिधा बंद होतांच कित्येकांनीं तीं तोडलींही. पण ज्यांनीं तीं ठेवलीं त्यांच्या शेतांत वाऱ्यानें रोपें झाकलीं जाण्याचें थांबलें, सरपण हाताशीं आलें, आणि शेजाऱ्यांना तें दिसलें. तेथें गाओ नांवाचा बाभळीसारखा एक वृक्ष आहे. त्याची रीत सर्व झाडांच्या उलट. पावसाळ्यांत तो पानें गाळतो, म्हणजे पिकावर सांवली धरीत नाहीं; उन्हाळ्यांत हिरवा होतो, म्हणजे जनावरांना पाला व शेंगा देतो; आणि त्याच्या बुंध्याभोंवतीं बाजरी अधिक जोमानें येते. याच सुमारास वनरक्षकांचा धाक सैल झाला होता. कायद्याचीं अक्षरें तींच राहिलीं, पण झाड राखील त्याचें झाड, असा व्यवहार रूढ झाला. आणि मग कोणीं न सांगतां, गांवाचें पाहून गांवानें, वीस-पंचवीस वर्षांत मारादी व झिंदेरच्या मुलखांत सुमारें ५० लक्ष हेक्टर जमिनीवर झाडें उभीं केलीं. आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांशीं ताडून पाहिल्यावर हा प्रकार संशोधकांच्या नजरेस आला; तोंपर्यंत खुद्द राजधानींतही त्याची फारशी वार्ता नव्हती. झाडांमुळें दरवर्षीं सुमारें पांच लक्ष टन धान्य अधिक पिकतें असा त्यांचा अंदाज आहे. रिनॉडो यांना २०१८ सालीं 'राइट लाइव्हलीहुड' पारितोषिक मिळालें; परंतु ती शेतें ज्यांनीं राखलीं त्या हजारों माणसांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत.

ताउआ प्रांतांतली गोष्टही अशीच. १९८९ सालीं इलेला भागांतले तेरा शेतकरी शेजारच्या बुर्किना फासोमधील यातेंगा प्रांत पाहावयास गेले. तेथें कठीण, पाणी न शोषणाऱ्या जमिनींत वीतभर खड्डे खणून, त्यांत शेणखत टाकून बाजरी पेरतात. परत आल्यावर त्यांनीं आपल्याकडील 'टस्सा' नांवाची तशीच जुनी रीत सुधारून वापरली. पहिल्या वर्षीं कांहीं थोड्याच हेक्टरांवर. पुढचें वर्ष अवर्षणाचें आलें, आणि त्या खड्ड्यांच्या शेतांतच काय तें चांगलें पीक उभें राहिलें. त्यानंतर कोणाला व्याख्यान देण्याची गरज उरली नाहीं.

इतकें झालें म्हणून भूक संपली असें नव्हे. पेरणी होऊन धान्य घरांत येईपर्यंतचे जून ते सप्टेंबर हे महिने नायजरच्या शेतकऱ्याला फार जड जातात. सुगीला तो कर्ज फेडण्यासाठीं स्वस्तांत बाजरी विकतो आणि त्या महिन्यांत तीच बाजरी महाग विकत घेतो. सावकाराचें खातें ज्यानें पाहिलें आहे त्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. २००४ सालीं टोळ आले व पाऊसही लवकर संपला. पण देशाचें एकंदर पीक नेहमींपेक्षां सुमारें एक-दशांशानेंच घटलें होतें. तरी २००५ च्या उन्हाळ्यांत हाहाकार उडाला. नायजेरियांत भाव चढे होते, म्हणून धान्य रेघेपलीकडे गेलें. धनगरांच्या गुरांचे भाव पडले आणि बाजरीचे चढले. सरकारचें व त्याला सल्ला देणाऱ्या परदेशीयांचें म्हणणें असें पडलें कीं, धान्य फुकट वांटल्यास बाजार बिघडेल. म्हणून तें माफक भावानें विकावें. ज्याच्या हातांत दमडी नाहीं त्याला माफक भाव काय कामाचा? संयुक्त राष्ट्रांची हांक कित्येक महिने जगानें ऐकली नाहीं. जुलैमध्यें मुलांचीं चित्रें दूरचित्रवाणीवर दिसलीं तेव्हां मदत धांवली. आणि सर्वांत अधिक मुलें खंगलीं तीं मारादींत, म्हणजे देशाच्या धान्याच्या कोठारांत.

त्या वर्षीं फ्रेंच डॉक्टरांनीं स्थापिलेल्या 'मेदसँ सां फ्रांतिएर' या संस्थेनें ६० हजारांहून अधिक अत्यवस्थ मुलांवर उपचार केले. त्यांचें मुख्य औषध म्हणजे भुईमुगाच्या कुटांत दूधभुकटी, साखर, तेल व क्षार मिसळून केलेली लापशी. ती शिजवावी लागत नाहीं, पाण्यांत कालवावी लागत नाहीं, आणि आई घरींच मुलाला भरवूं शकते. म्हणून रुग्णालयांत खाट अडत नाहीं. ज्या भुईमुगानें एके काळीं बाजरीची जागा घेतली, तोच आतां मुलांचे प्राण वांचवूं लागला. ही लापशी नियामेंतही तयार होऊं लागली. २००६ सालीं सरकारनें पांच वर्षांखालील मुलांचे व गरोदर स्त्रियांचे उपचार विनामूल्य केले. १९९० सालीं जन्मलेल्या हजार मुलांमागें तीनशेंहून अधिक मुलें पांच वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावत. तें प्रमाण पुढील तीस वर्षांत निम्म्याहून खालीं आलें. तथापि एका स्त्रीस सरासरीनें सहा-सात मुलें होतात, मुली लहानपणींच सासरीं जातात, आणि निम्म्याहून अधिक प्रौढांना अक्षरओळख नाहीं. वांचलेल्या मुलांना शाळा व शेत कोठून द्यावयाचें, हा प्रश्न त्या यशाच्या पोटींच जन्माला आला आहे.

त्यांत शांतताही राहिली नाहीं. २०१५ पासून चाड सरोवराकडील दिफा प्रांतांत बोको हराम या टोळीचे हल्ले सुरू झाले; पश्चिमेस मालीच्या सरहद्दीवरही सशस्त्र टोळ्या वावरूं लागल्या, आणि लक्षावधि लोक घरदार सोडून निर्वासित झाले. २६ जुलै २०२३ रोजीं लष्करानें राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना पदच्युत केलें. शेजारच्या राष्ट्रांच्या संघानें चार दिवसांतच सरहद्दी बंद केल्या. नायजेरियानें वीज तोडली. बेनिनच्या बाजूस नदीच्या पुलापाशीं धान्य व औषधें भरलेल्या मालमोटारींच्या रांगा अडकून पडल्या. बंड करणारे सेनापति उपाशी राहिले नाहींत. बाजारांत तांदूळ व तेल घेणाऱ्या बायकांना मात्र तें बंड रोज मोजावें लागलें. २०२४ च्या फेब्रुवारींत हे निर्बंध उठले, तेव्हां नायजरनेंच बेनिनकडील आपली बाजू मिटून घेतली. नियामेपासून दोस्सोपर्यंत सुमारें १४० किलोमीटरांचा लोहमार्ग २०१६ सालीं पुरा झाला होता. तो पुढें समुद्राला जाऊन मिळालाच नाहीं. बंदर नसलेल्या देशाचा उंबरठा नेहमीं दुसऱ्याच्या अंगणांत असतो, आणि भांडणांत पहिल्यानें तोच बंद होतो.

२०२४ सालीं उलट अतिवृष्टि झाली. दहा लक्षांहून अधिक लोकांना पुराचा फटका बसला, आणि झिंदेरची एकोणिसाव्या शतकांतली मातीची मशीद कोसळली. आभाळ फाटलें असतां ठिगळ कोठें लावणार, असें म्हणून हात टेकावे असें हें सारें आहे. पण शंभर वर्षांचा हिशेब एकत्र मांडला कीं दोन रकाने स्पष्ट दिसतात. धान्य केव्हां विकावें, झाड कोणाचें, वाट कोठें बंद करावी, हें जेव्हां जेव्हां दूर बसलेल्यांनीं ठरविलें, तेव्हां तेव्हां थोड्या अवर्षणाचाही मोठा दुष्काळ झाला. आणि जेव्हां तो निर्णय शेतांत उभ्या असलेल्या माणसाकडे परत आला, तेव्हां त्याच मातीनें व त्याच तुटपुंज्या पावसानें अधिक माणसें जगविलीं.

नायजरमध्यें १९७५ पासून ३ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन वृक्षदिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशीं मोठमोठीं माणसें समारंभानें रोपें लावतात. अशा रोपांपैकीं पुष्कळ उन्हाळा पाहत नाहींत. तोच ऑगस्ट महिना मारादीच्या शेतांत बाजरी कमरेला लागण्याचा असतो. तेथें गाओचें झाड या वेळीं निष्पर्ण उभें असतें. अनोळखी माणसाला तें वाळलेलें वाटावें. पण त्याच्या बुंध्यापाशींची बाजरी शेतांतल्या इतर बाजरीहून हातभर उंच दिसते. त्या झाडाला कोणीं लावलेलें नसतें. शेतकऱ्यानें फक्त तें उपटलेलें नसतें. १८९० सालीं ज्यांनीं त्या जमिनीचें वजन केलें, त्यांनीं वरची वाळू तेवढी पाहिली होती. मुळें किती खोल गेलीं आहेत तें त्यांच्या तराजूंत आलें नव्हतें.